पाठकोऱ्या पत्रकांवरची कुसळं

आमच्या माळावर एक नाही, दोन कुसळं आहेत, हे मला वयाच्या चोविसाव्या वर्षी कळलं. त्या दुपारी मी घरात शिरले ती थेट चुलीपुढं. आई भाकरी थापत होती. तिला म्हणाले, "आई, माळावर दोन कुसळं आहेत." ती म्हणाली, "दोनच कावून? माझ्या लुगड्याला काल पन्नास व्हती." मी म्हणाले, "तसं नाही गं, दोन जाती." तिनं भाकरी उलटली आणि विचारलं, "जेवायलीस का आता?" मी जेवले, पण काय जेवले ते आठवत नाही. माझ्या मुठीत दोन काड्या होत्या आणि मला त्या खाली ठेववत नव्हत्या.

हे इतकं कावून, ते सांगायला एक वर्ष मागं जायला पाहिजे.

मी पत्रकं लिहिते. कॉलेजात असल्यापासून लिहिते. वसतिगृहाच्या पाण्यावर लिहिलं, एसटीच्या बंद झालेल्या फेरीवर लिहिलं. पत्रकाचे नियम मला पाठ आहेत. एक मागणी. मोठा टाइप. वाक्य सात शब्दांचं. आणि 'कदाचित' हा शब्द कधी वापरायचा नाही, कारण समोरचा माणूस तेवढाच शब्द वाचतो आणि निघून जातो. याच नियमांनी मी गेल्या वर्षी गावच्या माळावर एक पत्रक काढलं. मथळा होता, 'ओसाड माळ, गावाची लाज'. खाली लिहिलं होतं, 'या माळावर कुसळाशिवाय काडी उगवत नाही. चर खणा, झाडं लावा.' गेवराईला हजार प्रती छापल्या. चकलांब्याच्या बाजारात वाटल्या, गावात दारोदार दिल्या. ग्रामसभेत हात वर झाले. पुढच्या वर्षी दसऱ्यानंतर मशीन लावून माळभर चर खणायचे, झाडं लावायची आणि पाच वर्षं तारेचं कुंपण घालायचं, असं ठरलं. मी जिंकले. पत्रकानं जिंकलेली ही माझी पहिली लढाई. उरलेले गठ्ठे कॉटखाली ढकलून दिले आणि वर्षभर छाती काढून हिंडले.

यंदा सप्टेंबरात दुसऱ्या पत्रकासाठी मला ओसाड माळाचा फोटो पाहिजे होता. गेल्या वर्षीचा फोटो मी रस्त्यावरून काढला होता. या वेळी म्हटलं जरा आत जाऊ, जास्त ओसाड दिसेल.

आत आत्या भेटली. ही माझी सख्खी आत्या नाही. वरच्या वस्तीवर मेंढरं राखते, आणि सगळं गाव तिला आत्याच म्हणतं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. एका मेंढीला गुडघ्यात दाबून ती तिच्या ओठातून काहीतरी उपसत होती. पेरणी झाली की आमचा वरचा माळ दसऱ्यापर्यंत चराईला बंद असतो. खालच्या पट्ट्यात जनावरं चालतात. ही मेंढी बंदी मोडून वर गेलती आणि तोंड भरून कुसळ घेऊन आलती.

आत्यानं माझ्याकडं न बघता विचारलं, "कोन हाय?"

मी सांगितलं कुणाची ते.

"म्हंजी तू ती कागदवाली. तुझा कागूद लई कामाला आला. तंबाखू बांधायला."

मी म्हणाले, "आत्या, तुमच्या मेंढीचे हाल बघा. म्हणूनच तर म्हणायले, हे कुसळ जायला पाहिजे."

"कंचं?"

"कुसळ."

"व्हय की. पर कंचं कुसळ?"

मी म्हणाले, "कुसळ म्हणजे कुसळ." आत्यानं मेंढी सोडली, हात पुढं करून जवळची एक काडी तोडली आणि माझ्या तळहातावर ठेवली. मग मेंढीच्या लोकरीतलं एक कुसळ काढून शेजारी ठेवलं. दोन्हींना तीन-तीन लांब मिशा. दोन्ही गव्हाळ, दोन्ही टोकाला सुईसारखी. मला ती एकच दिसली.

"मिशी धर आन् वढ," ती म्हणाली.

पहिल्याची मिशी ओढली. ती निघाली नाही. जोर लावला तेव्हा मधेच कुठंतरी वेडीवाकडी तुटली. दुसऱ्याची ओढली आणि ती टोपण निघावं तशी अलगद हातात आली. हातात राहिलं नुसतं बी, टोकदार, डोकं साफ कापल्यासारखं.

"आता मान बघ," आत्या म्हणाली. "मला दिसत न्हाई, तू बघ."

मी डोळ्यांजवळ नेलं. पहिल्याच्या तिन्ही मिशा बियाच्या डोक्यातूनच फुटलेल्या. दुसऱ्याच्या मात्र आधी एकमेकींना पीळ घालून वर चढलेल्या, दोरीसारख्या, आणि मग फाकलेल्या. मधे चक्क मान होती. इतकी वर्षं ही मान माझ्या सलवारीला टोचून घरी येत होती आणि मी तिला 'कुसळ' म्हणून उपटून फेकत होते.

आत्यानं दोन्हींचा हिशेब सांगितला. बिनमानेचं ते साधं. कवळं असताना मेंढरं ते खातात, खालच्या पट्ट्यात तेच जास्त. मानेचं वर मुरमाड उतारावर येतं. त्याची मिशी गळून पडते आणि बी एकटंच तोंडात, लोकरीत, डोळ्यात घुसत जातं. म्हणून दसऱ्याला बंदी उठली की कुठल्या बाजूनं शिरायचं, कुठला पट्टा वळसा घालून टाळायचा, हे तिला ठाऊक असावं लागतं. मधे मधे पवन्या गवताचे पट्टे आहेत, मारवेल गवत आहे. त्यावर मेंढरं होळीपर्यंत निघतात.

"तुज्या मशीननं सगळं उलटंपालटं केलं, तार घातली, की मला गोदाकाठ गाठावा लागंल," ती म्हणाली. "ते चालनं आता मला हुत न्हाई. मेंढरं इकून टाकीन. म्हंजी बग, तुज्या कागदानं माजा दसरा शेवटचा."

हे ती चिडून म्हणाली नाही. चिडली असती तर मी भांडले असते, ते मला येतं.

मी फोटो न काढताच परतले आणि चुलीपुढं उभी राहून आईला दोन कुसळं सांगितली. राग येत होता आणि आनंद होत होता, आणि त्यातलं कुठलं कुठं संपतं ते कळत नव्हतं.

पुढचे पंधरा दिवस मी माळावरच होते. गेवराईच्या घड्याळवाल्याकडून डोळ्याला लावायचं भिंग आणलं. कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडमना फोन केला. कॉलेजात त्यांच्या तासाला मी कधी नीट बसले नव्हते, मोर्चे होते. त्यांनी माझे बारा फोटो बघितले आणि म्हणाल्या, "फोटोत मला तुझं बोट दिसतंय. बियाभोवतीची दोन तुसं मोजलीस का? खालचं मोठं का वरचं?"

मोजली. साध्या कुसळाचं खालचं तूस वरच्यापेक्षा आखूड. मानेच्या कुसळाचं खालचं वरच्यापेक्षा लांब, चांगलंच लांब. दहा काड्या बघितल्या, वीस बघितल्या. प्रत्येक वेळी आत्याची मिशी आणि मॅडमचं तूस एकच उत्तर देत होतं. दोघी एकमेकींना कधी भेटलेल्या नाहीत. मी माळावर एकटीच हसत बसले होते. रस्त्यानं जाणाऱ्या एकानं गाडी थांबवून विचारलंही, "काय हरवलंय का ताई?"

मग मला थांबता येईना. ज्याला मी मारवेल समजत होते त्यातही दोन निघाल्या. एकीच्या प्रत्येक पेराला पांढऱ्या केसांची बांगडी, दुसरीचं पेर जवळजवळ उघडं. एकदा ती बांगडी दिसली की दहा पावलांवरून दिसते, आणि त्याआधी नाकासमोर धरली तरी दिसत नाही. मुरमात बोटभर उंचीचं एक जांभळट गवत होतं. मी त्याच्यावर बसून डबा खाल्ला होता. भिंगातून बघितलं तर प्रत्येक काडीवर एका बाजूनं केसाळ झुबके टांगलेले. आत्याला त्याचं नाव विचारलं. ती म्हणाली, "त्याला काय नाव? ते मेंढरू हुंगतं आन् पुढं जातं." मी वहीत लिहिलं, मेंढरू हुंगतं आणि पुढं जातं.

मॅडम म्हणाल्या, नुसतं बघू नको, दाबून वाळव आणि कागदावर चिकटव. कागद जाड पाहिजे आणि एका बाजूनं कोरा. माझ्या कॉटखाली असे कागद शेकड्यांनी होते. पोस्टर चिकटवायला आम्ही मैद्याची खळ करतो, तीच केली. पाठकोऱ्या बाजूवर एकेक गवत मुळासकट चिकटवलं आणि खाली पेन्सिलीनं लिहिलं, कुठं मिळालं, कसं ओळखायचं. कागदाच्या पुढच्या बाजूकडं मी एकदाही बघितलं नाही. मूर्खपणा होता, पण खरंच सुचलं नाही. आपलंच छापलेलं आपण परत कुठं वाचतो?

दसऱ्याच्या आठवडाभर आधी ग्रामसभा होती, मारुतीच्या देवळापुढच्या मांडवात. विषय लिहिला होता, माळाच्या कामाला सुरुवात. वरच्या वस्तीची माणसं माळ उतरून आली, खालच्या वस्तीची नाल्याकडच्या गाडीवाटेनं. ग्रामसेवकांनी अहवाल वाचला. 'आज सकाळी पुन्हा संपूर्ण माळाची समक्ष पाहणी केली. कुसळ वगळता उपयुक्त वनस्पती आढळली नाही.' 'कुसळ वगळता' म्हणजे माझंच 'कुसळाशिवाय', मी ते लांबूनही ओळखलं असतं.

मी उठले. म्हणाले, ठराव मागं घ्या, वरचा माळ सोडा, झाडं नाल्याच्या काठाला लावा. आणि माझे कागद सभेत फिरवले. माणसं कागद घ्यायची, वास घ्यायची, शेजाऱ्याला द्यायची. एक म्हातारा म्हणाला, "मारवेलीचं चित्र लई हुबेहूब काढलंय." शेजारचा म्हणाला, "चित्र न्हाई बे, खरी हाय. उपटून चिटकिवलीय."

सरपंचांच्या हातात मानेच्या कुसळाचा कागद गेला. त्यांनी तो बघितला, आणि कुठल्याही माणसानं केलं असतं तेच केलं. उलटा केला. मग चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला लागले. "ओसाड माळ, गावाची लाज. या माळावर कुसळाशिवाय काडी उगवत नाही."

मांडवात हशा पिकला.

सरपंच म्हणाले, "बाई, हे कुनी लिवलंय?"

"मी."

"मग गेल्या साली खोटं लिवलंस, का आत्ता खोटं बोलायलीस?"

माझ्या तोंडात तयार उत्तरं होती. मुद्दा तो नाही. विषय भरकटवू नका. अशी उत्तरं मी दहा ठिकाणी दिली आहेत. पण बायकांच्या बाजूला आत्या बसली होती, कान माझ्याकडं करून, कारण माझा चेहरा तिला दिसत नव्हता.

मी म्हणाले, "गेल्या साली. मी माळावर गेलेच नव्हते. रस्त्यावरून फोटो काढला आणि लिहिलं."

कुणी हसलं नाही. सरपंच म्हणाले, "आन् वर्साभरात शानी झालीस."

आत्या बसल्या जागेवरून म्हणाली, "वर्साभरात कुठली? पंधरा दिसात. मी शिकिवलं."

"आसं म्हनतीस आत्या? मग घेऊ की परीक्षा." सरपंचांनी आपल्या धोतराच्या सोग्यातून एक कुसळ उपटलं आणि माझ्यापुढं धरलं. "हे कंचं?"

मिशी नव्हती. कापडात घुसताना गेली होती. मी भिंग लावलं. डोकं मला साफ वाटलं. म्हणाले, "मानेचं. मिशी आपोआप गळालीय."

आत्यानं हात पुढं केला. बियाच्या डोक्यावरून अंगठा फिरवला, मग खालच्या ओठाला लावून बघितलं. "न्हाई. साधं हाय. मोडलंय."

"आत्या, मी भिंगातून बघितलं."

"मी हातानं बघितलं."

आता मांडव खुश झाला. मागून एकजण ओरडला, "मास्तरीन येक म्हनती, पोरगी येक म्हनती, आन् आमी ठराव बदलायचा?" मला रडू येईल असं वाटलं, आणि त्याच वेळी मला ते बी परत हातात पाहिजे होतं, आणखी एकदा बघायला.

शेवटी मी म्हणाले, "हे एक राहू द्या. याचं मला नक्की सांगता येत नाही. पण तुम्ही सगळे माळाच्या कडेनं नाहीतर माळावरून आलात. तुमच्या कपड्यांना मिशीसकट असतीलच. काढा. मिशी ओढा. टोपणासारखी निघाली तर या कागदावर, मधेच मोडली तर त्या कागदावर."

आधी बायकांनी काढायला सुरुवात केली. लुगड्याचे काठ हातावर घेऊन जणू गहू निवडायला बसल्यासारख्या. मग म्हाताऱ्यांनी धोतरं झटकली. मग पॅंटवाले पाय पसरून बसले. "निघाली बे, बघ." "माझी मोडली." "तू दात लावून वढायलास, मोडंल न्हाई तर काय." दोन्ही कागदांवर ढीग वाढायला लागले. निघालेल्या मिशीची मान मी मधे मधे भिंगातून तपासत होते आणि ढीग बरोबर पडत होते. माझा आनंद पोटात मावत नव्हता.

आणि मग वरच्या वस्तीची एक बाई म्हणाली, "आगं, आमची दोन्हीकडं पडायलीत. खालच्या वस्तीवाल्यांची समदी येकाच कागदावर कशी?"

मी हे ठरवलं नव्हतं. माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. वरून मुरमाड उतार ओलांडून आलेल्यांच्या अंगावर दोन्ही कुसळं होती. नाल्याकडच्या वाटेनं आलेल्यांच्या अंगावर फक्त साधं. माणसं कुठून चालत आली ते त्यांच्या कपड्यांवर लिहिलेलं होतं. लोक पुन्हा पुन्हा बघायला लागले. "तू वरून आलास का रं?" "व्हय." "हाय की, मानेचं हाय."

तेवढ्यात कुणीतरी ग्रामसेवकांच्या पॅंटकडं बघितलं. पायाशी चांगली आठ-दहा कुसळं होती. त्यांनाही काढायला लावली. एकेक मिशी ओढली, एकेक मधेच मोडली. सगळीच्या सगळी साधी.

म्हातारा म्हणाला, "साहेब, संपूर्ण माळ बघितला म्हनलात. का गाडीवाटंनंच बघितला?"

ग्रामसेवक म्हणाले, "वरपर्यंत नजर टाकली मी."

माणूस वाईट नव्हता. त्याच्याकडं चार गावं आहेत आणि सकाळी ऊन होतं. मला त्याचा राग यायला पाहिजे होता, राग ही माझ्या हातातली कला आहे. पण आम्ही दोघं एकाच रस्त्यावर उभे राहून लिहीत होतो, मी गेल्या साली आणि तो आज. मी म्हणाले, "सर, उद्या सकाळी माझ्याबरोबर वर चला. आत्या दाखवतील." तो म्हणाला, "चला."

सरपंचांनी ठराव तिथंच बदलला नाही. म्हणाले, "उद्या मीबी येतो. बघतो, मग लिवतो."

आले. सकाळी सरपंच, ग्रामसेवक आणि सातआठजण वर चढले. आत्या पुढं, काठी टेकत, पायांनी गवत चाचपत. पवन्याचा पट्टा लागला की थांबायची, मारवेल लागली की थांबायची. मी वाकून बांगडी दाखवायची. सरपंचांनी माझं भिंग घेतलं ते तासभर परत दिलं नाही. एकदा ते गुडघ्यावर बसले, धोतर मुरमात, आणि त्या जांभळट गवताकडं बघत म्हणाले, "याला काय म्हनायचं?" मी वहीत बघून वाचलं, "मेंढरू हुंगतं आणि पुढं जातं." ते म्हणाले, "लिवा तसंच."

ठरावात लिहिलं गेलं की चर आणि झाडं फक्त नाल्याच्या दोन्ही काठांना, वरचा माळ गवतासाठी राखीव, दसऱ्यापर्यंत बंदी पूर्वीसारखी. ग्रामसेवकांनी आधी 'विविध गवते' एवढंच लिहिलं होतं. मी टेबलापाशी उभी राहिले आणि म्हणाले, विविध खोडा. नावं लिहा. जेवढी ओळखली तेवढी. त्यांनी सुस्कारा टाकला आणि लिहिली, बारीक अक्षरात, दोन्ही कुसळं वेगवेगळ्या ओळींवर.

दसऱ्याला आत्यानं मेंढरं वर नेली. मी मागं होते. मुरमाड उताराशी तिनं काठी आडवी धरली आणि कळप वळसा घालून पवन्यात शिरला.

सरपंचांच्या धोतरातलं ते बी मी आगपेटीत ठेवलं होतं. ते मॅडमना पाठवलं. त्यांचं उत्तर आलं की नुसत्या या मोडक्या बियावरून नक्की सांगता येणार नाही, कदाचित मानेचं असेल, कदाचित साधं.

मी ते आत्याला वाचून दाखवलं. ती एका मेंढीचे कान तपासत होती. म्हणाली, "त्या मॅडमला म्हनावं, साधं हाय."

मला अजून वाटतं मानेचं होतं.